वखार आणि कलादालन

मराठी भाषेने चित्रांच्या प्रदर्शनासाठी आणि चित्रपटाच्या प्रकाशनासाठी एकच शब्द योजिला आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. चित्रांचे ‘प्रदर्शन’ भरते आणि चित्रपट ‘प्रदर्शित’ होतो. ‘पडदा’ हा शब्दही तसाच. नाटकाच्या मागे टांगलेला रंगविलेला कपडा तो पडदा, आणि ज्यावर प्रकाशाची चित्रे हालतात ते पांढरे वस्त्रही पडदाच. भाषेतील अशा योगायोगांमागे पुष्कळदा काही इतिहास दडलेला असतो. बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूर या पट्ट्याच्या बाबतीत तर तो निश्चितच आहे. येथे भिंतीवरचे चित्र व पडद्यावरचे चित्र ही दोन भिन्न कुळांतील अपत्ये नव्हेत. अलीकडे लहान कलादालनांतून चित्रप्रदर्शनाबरोबर लघुपट दाखविण्याची जी प्रथा रूढ होत आहे, ती कित्येकांस पाश्चात्त्य वाटते. प्रस्तुत लेखात या प्रथेचे या भूमीशी असलेले नाते पाहावयाचे असून, त्यासाठी निपाणीत चित्रित झालेल्या एका पंचवीस मिनिटांच्या मराठी चित्रपटाची हकीकत मुख्यत्वे विचारात घ्यावयाची आहे.

प्रथम पूर्वपीठिका. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे गेले की पुढे कुडाळजवळ पिंगुळी हे गाव लागते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची हाताने रंगविलेली चित्रे एकामागून एक श्रोत्यांसमोर धरावयाची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगत जावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. येथे चित्र एकट्याने व मुकाट्याने पाहावयाचे नसते. ते मंडळींत बसून, कथेच्या ओघात, एका मागोमाग एक असे पाहावयाचे असते. चित्र, काळ आणि समुदाय या तिहींची सांगड चित्रपटाचा जन्म होण्यापूर्वीच या मुलखात घातली गेली होती.

घाटमाथ्यावर कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत असत. त्या पडद्यांवरून त्यांची दृष्टी हलत्या चित्रांकडे वळली. आनंदराव 1916 साली निवर्तले, परंतु बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ प्रेक्षकांपुढे आणला. पुढे 1925 साली त्यांनी काढलेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी होता, आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. देवादिकांच्या कथांत रमलेल्या मूकपटाला येथे प्रथमच गावचा धुरळा लागला. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनी 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. यांतील दामले व फत्तेलाल हेही मूळचे कुंचला धरणारेच. मात्र महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. ज्या कृतींचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्या आपण पाहिलेल्या नाहीत आणि बहुधा पाहणारही नाही. हा विसर किती महाग पडतो, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवावयास हवे.

बेळगावचा वारसा मुख्यतः भिंतीवरच्या चित्राचा. के. बी. कुलकर्णी यांनी या शहरात शिक्षक म्हणून आणि ‘चित्रमंदिरा’च्या द्वारे चित्रकलेचे अध्यापन केले. व्यक्तिचित्रण व निसर्गचित्रण यांची जी शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांस लावली, तीतून रवी परांजपे यांच्यासारखे कलावंत घडले. टिळकवाडीतील वरेरकर नाट्यसंघाच्या वास्तूत कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे. नाटककार मामा वरेरकर यांच्या नावाने चालणाऱ्या नाट्यसंस्थेने चित्रांना घर द्यावे, यात मला तरी वर सांगितलेल्या जुन्या नात्याचीच खूण दिसते. मोठ्या शहरांतील भव्य दालनांशी अशा जागेची तुलना करण्याचे कारण नाही. लहान दालनाचे सामर्थ्य निराळे असते. तेथे येणारा मनुष्य दुसऱ्यास ओळखतो, चित्रापुढे उभा राहून बोलतो, मतभेद झाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

आता बेळगावहून उत्तरेस सुमारे 75 किलोमीटरवर असलेल्या निपाणीकडे वळू. हे गाव चित्रांसाठी नव्हे, तर तंबाखूसाठी प्रसिद्ध. आसमंतातील काळ्या रानात विडीची तंबाखू पिकते आणि ती निपाणीच्या वखारींत येते. 1981 सालच्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूस रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी येथील पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. 6 एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. या आंदोलनाची वार्ता देशभर पोहोचली, त्यावर विपुल लेखन झाले, आणि निपाणी हे नाव शेतकरी चळवळीच्या इतिहासात कायमचे कोरले गेले.

परंतु त्याच पानाचा पुढचा प्रवास वखारीच्या भिंतीआड होत असे. तेथे पाला झोडणे, चाळणे, निवडणे ही कामे हजारो स्त्रिया करीत. तंबाखूचा खकाणा नाकातोंडात जाई. मजुरी तुटपुंजी होती आणि कामाची शाश्वती नव्हती. शेतकऱ्यांचा लढा महामार्गावर, उघड्या आभाळाखाली झाला, म्हणून तो सर्वांस दिसला. या स्त्रियांचे जिणे मात्र बंद दाराआड होते. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ ही संघटना उभी राहिली आणि वखारीतील स्त्रिया तिच्यात मोठ्या संख्येने सामील झाल्या. असंघटित म्हणून गणल्या गेलेल्या कामकरी वर्गाची त्या काळातील ही एक लक्षणीय चळवळ होय. तिचे चित्ररूप दर्शन घडले ते एका चित्रपटामुळे.

1980 साली दीपा धनराज, आभा भय्या, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ या नावाचा एक चित्रपट-समूह स्थापन केला. काँट्रॅक्टर हे बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला शिकलेले होते आणि मणि कौल यांच्या ‘दुविधा’चे छायाचित्रण त्यांनीच केले होते. चित्रकाराच्या हातातून कॅमेऱ्याकडे जाण्याची कोल्हापुरी वाट येथे पुन्हा दिसते. युगांतरचा पहिला चित्रपट ‘मोलकरीण’ (1981) हा पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेविषयी होता. दुसरा, 1982 सालचा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’, हा निपाणीचा. हे दोन्ही चित्रपट मराठी आहेत, याची नोंद आपल्या चित्रपटेतिहासात ठळकपणे व्हावयास हवी होती. प्रभातच्या बोलपटांपासून सुरू होणाऱ्या आपल्या याद्यांत त्यांचा शोध घेऊ जाता सहसा निराशाच पदरी येते.

समूहातील मंडळींनी निपाणीत स्त्री कामगारांच्या सान्निध्यात चार महिने काढले. त्यांचे अनुभव ऐकले, संघटना कशी बांधावी याविषयी होणाऱ्या चर्चांत भाग घेतला, आणि एरवी परक्यास प्रवेश नसलेल्या वखारींच्या आतील काम चित्रित केले. जे प्रसंग पूर्वी घडून गेले होते ते स्त्रियांनी स्वतः पुन्हा वठवून दाखविले. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जे घडताना टिपले ते सत्य आणि जे पुन्हा घडवून टिपले ते नाटक, असा भेद करावयाचा काय? माझ्या मते तो येथे गैरलागू आहे. जिने ते भोगले तीच ते पुन्हा उभे करीत असेल, तर आपल्या जीवनक्रमातील कोणता क्षण सांगण्याजोगा आहे हे ठरविण्याचा अधिकार ती बजावीत असते. इतिहासलेखनात ज्यांची साक्ष क्वचितच घेतली जाते, त्यांनी येथे साक्षही दिली आणि तिची मांडणीही केली.

शीर्षकातील ‘ऊब’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. तंबाखू रास करून मुरत ठेवली की ती आतून तापू लागते. बाहेरून रास निश्चल दिसते, पण हात घातला तर धग लागते. संघटित होत असलेल्या स्त्रियांचे याहून समर्पक वर्णन कोणा साहित्यिकास बसल्या जागी सुचले नसते. ही प्रतिमा कामातून आलेली आहे. इंग्रजीत या चित्रपटास निखाऱ्यांची उपमा देणारे नाव लाभले आहे. तथापि निखारा प्रथम पेटतो आणि मग विझत जातो, तर मुरणाऱ्या राशीची ऊब आतल्या आत वाढत जाते. हा भेद ज्यास तंबाखू ठाऊक आहे त्यासच कळेल. भाषेचा प्रांत आणि कामाचा प्रांत यांचा संयोग असा असतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भागाच्या भाषेविषयी जे लिहिले गेले, त्यात ठराव आणि अहवाल यांचाच भरणा अधिक आहे. वखारीत काम करणाऱ्या बाईची बोली तिच्याच तोंडून ऐकविणारा हा चित्रपट, त्या दृष्टीनेही, एक मौलिक दस्तऐवज होय.

तो दाखविला कोठे गेला? 16 मिलिमीटरच्या फितीवरचा हा कृष्णधवल चित्रपट थिएटरच्या व्यवहारासाठी नव्हताच. लहान यंत्र, एक पडदा आणि विजेची सोय एवढ्यावर तो दाखविता येई. कामगारांपुढे व स्त्रियांच्या गटांपुढे त्याचे खेळ झाले. खेळ संपल्यावर चर्चा व्हावी, किंबहुना चर्चेसाठीच खेळ व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. जगात अन्यत्रही असे प्रयोग झाले आहेत. अर्जेंटिनात फेर्नांदो सोलानास व ओक्ताव्हियो हेतिनो यांनी 1968 साली पुरा केलेला दीर्घ माहितीपट मध्येच थांबवून प्रेक्षकांनी वाद करावा, अशी योजना होती. पण त्यासाठी अर्जेंटिनापर्यंत जाण्याची गरज नाही. पिंगुळीचा चित्रकथी हेच करीत आला आहे. चित्र हे त्याच्या लेखी बैठकीचे निमित्त असते.

पुढे काळ बदलला. फितींना वय असते. त्या आकसतात, त्यांवर ओरखडे उठतात, रसायने खराब होतात. युगांतरच्या चित्रपटांचे जतन व पुनरुज्जीवन बर्लिन येथील आर्सेनाल या संस्थेच्या साहाय्याने झाले, आणि नव्या प्रती युरोपात व अन्यत्र चित्रपटगृहांबरोबर कलासंस्थांतूनही दाखविल्या जाऊ लागल्या. निपाणीची वखार अशा रीतीने कलेच्या जगात पोहोचली. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांच्या वाट्यास जे आले ते या चित्रपटाच्या वाट्यास आले नाही, याबद्दल कृतज्ञता बाळगणे उचित होय. पण कृतज्ञतेबरोबर काही संकोचही वाटावा. आपल्या भाषेतील ठेवा परक्याने जपावा आणि आपल्यास त्याचे नावही ठाऊक नसावे, ही स्थिती भूषणावह नव्हे.

कलादालनात चित्रपट दाखविण्यात एक लाभ आहे आणि एक धोकाही आहे. लाभ असा, की पंचवीस मिनिटांच्या कृतीस चित्रपटगृहात जागा मिळत नाही, महोत्सवात मिळाली तर एका दिवसापुरती मिळते. दालनात मात्र ती महिनाभर राहू शकते आणि तिच्या शेजारी छायाचित्रे, पत्रके, कागदपत्रे मांडता येतात. धोका असा, की अंधाऱ्या खोलीत चित्रपट अखंड फिरत राहतो. पाहणारा मध्येच येतो, मध्येच उठून जातो. तो कोणाशी बोलत नाही. श्रमाने काळवंडलेले हात त्याला केवळ छायाप्रकाशाचा सुंदर मेळ वाटू लागतात. एकत्र बसण्यासाठी केलेली कृती एकट्याने न्याहाळण्याची वस्तू होऊन बसते. चित्र तेच राहते, परंतु त्याचे कार्य लोपते.

हा दोष चित्रपटाचा नव्हे, दालनाच्या रीतीचा आहे, आणि तो टाळता येतो. त्यासाठी लहान दालनच अधिक योग्य. ठरलेल्या वेळी दार लावावे, वीस-पंचवीस माणसांनी सतरंजीवर बसावे, चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावा आणि दिवे लागल्यावर कोणी उठू नये. यास मोठा निधी लागत नाही. लागते ती यजमानाची निष्ठा आणि बोलावणे कोणाला धाडावे याची जाण. असा खेळ सीमाभागात होईल तेव्हा पहिल्या ओळीत चित्रकार व समीक्षक नव्हे, तर ज्यांनी वखारीत आयुष्य काढले अशा स्त्रिया बसलेल्या असाव्यात. 1982 साली ज्या विशीत-तिशीत होत्या त्या आज वृद्ध झाल्या आहेत. पडद्यावरील वखार कोणती, शेजारी उभी कोण, त्या प्रसंगी कोण काय बोलले, हे त्याच सांगू शकतात. बर्लिनला फीत जपता आली. ही माहिती मात्र तेथे जपता येणार नाही, ती निपाणीतच आहे आणि दिवसेंदिवस कमी होत आहे.

साहित्यसंस्थांनी या कामी कलादालनांस साहाय्य करावे, एवढेच सुचवावयाचे आहे. चित्रपटातील संभाषणे लिहून काढावीत, त्यांतील वखारीच्या कामाचे शब्द अर्थासह नोंदवावेत, आणि पाहणाऱ्या स्त्रियांच्या आठवणी त्यांस जोडाव्यात. कोशकारास, बोलीच्या अभ्यासकास आणि इतिहासकारास त्यात सारखेच साहित्य सापडेल. ‘प्रदर्शन’ या शब्दाने मराठीने चित्र आणि चित्रपट एकत्र बांधले आहेत. त्या बंधनात पाहणाऱ्याचे बोलणेही गुंफले गेले, तरच राशीतील ऊब पुढील पिढीच्या हातास लागेल.