गरिबाचा वकील, पण पैसा कोणाचा?

फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धाडला. वकील करण्याची ऐपत नसताही आपणांस तो नाकारण्यात आला, हे त्याचे गाऱ्हाणे. १८ मार्च १९६३ रोजी निकाल झाला: गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात निर्धन आरोपीस राज्याने वकील दिलाच पाहिजे. फेरखटल्यात वकिलासह उभा राहिलेला गिडियन निर्दोष सुटला.

हक्क सिद्ध झाला. परंतु त्याचा खर्च कोणी सोसावा? न्यूयॉर्क राज्याने १९६५ साली कायदा केला खरा, पण खर्चाचा भार बहुतांशी जिल्ह्यांवर लोटला. मास्तरांनी पाटी आणण्याची सक्ती करावी आणि पैशांसाठी बापाकडे बोट दाखवावे, तशातली ही गत! कित्येक जिल्ह्यांत एकेका वकिलापुढे खटल्यांचा ढीग साचे, आणि पहिल्या पेशीस आरोपी एकटाच उभा असे. वस्तुतः जामिनाचा, म्हणजे घरी जावयाचे की कोठडीत, हा प्रश्न तेथेच सुटावयाचा.

अखेर २००७ साली काही आरोपींनी राज्यावरच दावा लावला. २०१४ च्या तडजोडीने पाच जिल्ह्यांतील सुधारणांचा खर्च राज्याने पत्करला, आणि २०१७ च्या कायद्याने त्या सुधारणा राज्यभर नेण्याचे ठरले. मूळ कायद्यास तेव्हा बावन्न वर्षे लोटली होती.