हरितगृहातील पिकांचा ताण : प्रतिमा, लक्षण आणि कारण

पाणी, उष्णता, क्षार वा अन्नद्रव्ये यांच्या न्यूनाधिक्यामुळे, अथवा रोगकिडींमुळे, वनस्पतीच्या शरीरक्रियेत होणाऱ्या विक्षेपाला येथे ‘ताण’ म्हटले आहे. ताण ही अंतर्गत अवस्था असून लक्षण हा तिचा बाह्य परिणाम होय. कॅमेरा लक्षण टिपतो. ताण अनुमानाने सिद्ध करावा लागतो.

लक्षणांच्या तीन अवस्था मानता येतात. पहिलीत केवळ क्रिया बदलते : पर्णरंध्रे मिटतात, प्रकाशसंश्लेषण मंदावते. दुसरीत हरितद्रव्यासारखी घटकद्रव्ये घटतात. तिसरीत पान पिवळे पडते, कोमेजते किंवा त्यावर डाग उमटतात. मानवी डोळा आणि साधा कॅमेरा यांचा अधिकार मुख्यतः तिसऱ्या अवस्थेवर चालतो. दुसरीसाठी विविध तरंगलांबींतील परावर्तन मोजावे लागते. पहिलीसाठी दोन साधने आहेत. एक हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, जिच्या अभ्यासाचा पाया काउट्स्की आणि हिर्श यांनी 1931 मध्ये घातला. अंधारात ठेवलेल्या निरोगी पानात परिवर्ती आणि कमाल प्रतिदीप्तीचे गुणोत्तर 0.83 च्या आसपास असते. दुसरे साधन औष्णिक प्रतिमा : रंध्रे मिटली की बाष्पोत्सर्जन घटते आणि पान तापते.

औष्णिक प्रतिमेला मात्र हरितगृहात विशेष मर्यादा येते. हवेतील आर्द्रता वाढली की निरोगी पानाचेही बाष्पोत्सर्जन मंदावते, त्यामुळे तृप्त आणि तहानलेल्या पानांच्या तापमानातील अंतर आक्रसते. फॉगर (धुके फवारणारे यंत्र) चालल्यानंतर पानावरील पाणी उडताना पान थंड होते. रंध्रे मिटलेली असूनही ते प्रतिमेत स्वस्थ भासते.

याहून मूलगामी अडचण कारणाची आहे. कोरडे कोकोपीट, मुळांभोवती साठलेले क्षार आणि कुजलेली मुळे या तिन्हींमुळे पान तापू शकते. ढोबळी मिरचीच्या मूळकुजीत, पान तापले म्हणून पाणी वाढवले, तर रोगच बळावतो. म्हणून औष्णिक प्रतिमेसोबत माध्यमातील ओलावा आणि निचऱ्याच्या पाण्याची विद्युतवाहकता (ईसी) मोजणे अनिवार्य आहे. तिन्ही कारणांतील भेद प्रतिमेत नसेल, तर गणनशक्ती कितीही वाढवली तरी तो प्रतिमेतून निघणार नाही.

आता प्रतिमांवरून लक्षणे ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणाकडे वळू. 2016 मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी प्लांटव्हिलेज संग्रहातील 54,306 प्रतिमांवर न्यूरल नेटवर्क शिकवले. 14 पिके आणि 26 रोग यांच्या त्या संग्रहातूनच वेगळ्या ठेवलेल्या प्रतिमांवर अचूकता 99.35 टक्के आली. भिन्न परिस्थितीत घेतलेल्या प्रतिमांवर ती 31 टक्क्यांच्या किंचित वर उतरली. संग्रहातील प्रतिमा सुट्या पानांच्या, एकसारख्या पार्श्वभूमीवर घेतलेल्या होत्या. हरितगृहात पाने एकमेकांवर येतात आणि प्रकाश प्रहरागणिक बदलतो.

परंतु पार्श्वभूमीपेक्षाही अंकनाचा प्रश्न निर्णायक आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रत्येक प्रतिमेवर ‘ताणग्रस्त’ वा ‘निरोगी’ अशी खूण तज्ज्ञाने डोळ्यांनी पाहून केली असेल, तर यंत्र तज्ज्ञाची दृष्टीच शिकते, म्हणजे तिसरीच अवस्था. पहिली अवस्था शिकवायची तर खूण स्वतंत्र मापनातून यावी, उदाहरणार्थ दाबकक्षाने मोजलेल्या पानाच्या जलविभवातून. दुसरा मार्ग पश्चात् अंकनाचा : त्याच झाडाची रोज प्रतिमा घ्यावी आणि लक्षण दिसल्यावर मागील दिवसांच्या प्रतिमांना खूण करावी. हा मार्ग स्वस्त आहे. मात्र ताणाचा नेमका आरंभ त्यात अनिश्चित राहतो.

शिकवलेल्या यंत्राच्या परीक्षेसाठी प्रतिमांची विभागणी झाडांनुसार, शक्य तर हरितगृहांनुसार करावी. एकाच झाडाच्या प्रतिमा शिक्षणात आणि परीक्षेतही आल्या, तर यंत्र ताणाऐवजी ते झाडच ओळखू शकते. उदाहरणार्थ, तळेगाव दाभाडे परिसरातील गुलाबाच्या पॉलीहाऊसात एप्रिलच्या प्रतिमांवर शिकवलेल्या यंत्राची परीक्षा जुलैच्या ढगाळ प्रकाशात, तीही दुसऱ्या पॉलीहाऊसात, घेतली पाहिजे.