साष्टीचें स्वातंत्र्य

अमुक देश अमुक दिवशीं स्वतंत्र झाला, असें क्रमिक पुस्तकांत लिहिलेलें असतें, आणि परीक्षेपुरतें तें पुरेसेंही असतें. परंतु ज्या भूमीनें परकी सत्ता एकदां झुगारून दिली, पस्तीस वर्षांत दुसरी ओढवून घेतली आणि पुढें पावणेदोनशें वर्षांनीं तिच्यापासूनही सुटका करून घेतली, तिचा इतिहास एका तारखेंत कसा मावावा? मुंबईच्या उत्तरेस, साष्टीच्या टोकाशीं असलेला मीरा-भाईंदरचा मुलूख हा अशांपैकीं आहे.

भाईंदरच्या पश्चिमेस, चौक गांवाजवळच्या एका टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. समोर वसईची खाडी समुद्रास मिळते आणि पाण्यापलीकडे वसईचा कोट दिसतो. ज्याच्या हातीं ही टेकडी, त्याच्या तोफांच्या माऱ्यांत खाडीचें मुख; एवढ्यावरून या लहानशा जागेचें महत्त्व ध्यानांत येईल.

डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें पोर्तुगीजांशीं तह करून वसई, साष्टी व मुंबई हा प्रांत त्यांच्या स्वाधीन केला. ज्यांचा हा मुलूख, त्यांस अर्थातच कोणी विचारलें नाहीं. पुढें दोनशें वर्षें जें राज्य येथें चाललें तें केवळ तोफांचें नव्हतें. गांवेंच्या गांवें फिरंगी सरदारांस व ख्रिस्ती धर्मसंघांस लावून दिलेलीं होतीं. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या लेण्यांत शिवाचें स्थान जाऊन ख्रिस्ती मंदिर झालें. १५६० मध्यें गोव्यास स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा धाक या उत्तर प्रांतासही होता. जमीन आणि देव, दोन्हीं ठिकाणीं माणसास परकेपणा आला, म्हणजे तो दाद मागावयास निघतो. तशी दाद पुण्यास मागितली गेली, आणि तींत गंगाजी नाईक अंजूरकर यांचें नांव प्रसिद्ध आहे.

१७३७ च्या मार्चांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें. दोन वर्षें झुंज चालली. १७३९ मध्यें धारावी मराठ्यांकडे आली, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत, सुरुंगांनीं बुरूज उडवून आणि हजारों माणसें खर्चीं घालून, चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. त्या लुटींतील एक घंटा नाशिकास नारोशंकराच्या देवळांत आहे. तिचें कौतुक सर्वांस असतें; शरणागतीच्या अटींकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. किल्ल्यांतील शिबंदीस सन्मानानें बाहेर पडूं दिलें, आणि जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक दिली. धर्माच्या छळाविरुद्ध मिळविलेल्या विजयानें छळाची परतफेड कलमांत लिहिली नाहीं. आमच्या मतें, वसईच्या तटाहूनही हें कलम अधिक मोलाचें आहे.

मिळविलेलें राखणें मात्र साधलें नाहीं. १७७३ मध्यें नारायणरावांचा खून झाला आणि पुण्याच्या गादीसाठीं घरांतच भांडण जुंपलें. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे, या वार्तेनें इंग्रज सावध झाले आणि १७७४ च्या अखेरीस त्यांनीं ठाणें घेतलें. पुढल्याच वर्षीं सुरतेच्या तहानें राघोबादादांनीं साष्टी व वसई इंग्रजांस लिहून दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत आली, साष्टी गेली ती गेलीच. आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशीं, ज्या वसईस चिमाजीअप्पांनीं जय मिळविला, तेथेंच त्यांच्या थोरल्या बंधूंच्या नातवानें इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तह स्वीकारला. याहून कठोर धडा इतिहासानें क्वचितच दिला असेल.

आतां त्या मागें राहिलेल्या ख्रिस्ती लोकांचें काय झालें? उत्तन, चौक, गोराई येथील कोळी व शेतकरी फिरंग्यांबरोबर लिस्बनला गेले नाहींत. त्यांची जाळीं, शेतें, आणि त्यांची मराठी येथेंच राहिली. १८८७ मध्यें, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या प्रसंगीं, गोव्याच्या ख्रिस्त्यांहून आपण निराळे हें दाखविण्यासाठीं या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. पोर्तुगीजांचा धर्म आणि इंग्रजी नांव! मग हे लोक स्वातंत्र्याच्या कोणत्या बाजूस उभे राहावयाचे?

याचें उत्तर जोसेफ बाप्टिस्टा यांनीं दिलें. त्यांचा जन्म १८६४ मध्यें माझगांवांत झाला. त्यांचे वडील उत्तनचे. १९१६ मध्यें बेळगांवीं लोकमान्य टिळकांनीं होम रूल लीग काढली, तेव्हां टिळकांनीं स्वतः पद घेतलें नाहीं. अध्यक्ष झाले ते बाप्टिस्टा. १९२० मध्यें ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणींत ते होते, १९२५ मध्यें मुंबईचे महापौर झाले. महाराष्ट्रानें त्यांस ‘काका’ म्हटलें. ज्यांच्या पूर्वजांस पोर्तुगीज राज्यांत नवा धर्म मिळाला, त्यांच्या वंशजानें चित्पावन पुढाऱ्याच्या खांद्यास खांदा लावून स्वराज्य मागितलें.

ही गोष्ट केवढी दुर्मिळ, हें पाहावयाचें तर पोर्तुगीजांचेंच निशाण जेथें अधिक काळ टिकलें तिकडे वळावें. गोव्यावरून तें १९६१ च्या डिसेंबरांत उतरलें. पश्चिम आफ्रिकेंतील गिनींत त्याहून उशिरां. तेथें अमिल्कार काब्राल या शेतकी तज्ज्ञानें १९५६ मध्यें स्वातंत्र्यपक्ष स्थापिला आणि १९६३ पासून सशस्त्र लढा चालविला. आमचें वैर पोर्तुगीज सत्तेशीं आहे, पोर्तुगीज जनतेशीं नाहीं, हें तो आपल्या अनुयायांस बजावीत असे. १९७३ च्या जानेवारींत स्वपक्षीयांच्याच हातून त्याचा खून झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत स्वातंत्र्याची घोषणा झाली व १९७४ मध्यें पोर्तुगालनें तें मान्य केलें. पुढें काय घडलें? पोर्तुगीज पलटणींत चाकरी केलेल्या अनेक आफ्रिकी शिपायांस ठार करण्यांत आलें. १९८० मध्यें लष्करी उठावानें पहिलें सरकारही गेलें. काब्रालची शिकवण विजयाच्या दिवशीं कोणास आठवली नाहीं.

दोन्हीं ठिकाणीं सत्ता मिळाल्यावर घरची फूट आडवी आली, हें साम्य स्पष्टच आहे. परंतु जुन्या राज्यांत वाढलेल्या माणसांस नव्या राज्यांत जागा मिळते कीं नाहीं, ही स्वातंत्र्याची दुसरी कसोटी आहे, आणि तींत १७३९ चा तह उतरला. त्या तहामुळेंच बाप्टिस्टा घडले, असा आमचा दावा नाहीं. अशा वागणुकीवांचून ते घडणें कठीण होतें, एवढेंच आम्ही म्हणतों.

धारावीच्या टेकडीवर चिमाजीअप्पांचा अश्वारूढ पुतळा उभारलेला आहे, तो योग्यच आहे. पण वर्गांत चिमाजीअप्पांचें नांव काढतांच मुलांचे चेहरे उजळतात, आणि उत्तनच्या बाप्टिस्टांचें काढलें तर वर्ग गप्प राहतो, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. दोष मुलांचा नव्हे. अर्धी गोष्ट सांगून थांबणाऱ्या आम्हां शिक्षकांचा आहे.