तांबीची कुळकथा

महाड असो की पोलादपूर, ‘पाळणा लांबवायचाय’ म्हटलं की पुढचा शब्द येतो तांबी. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, दीड इंचाहून लहान प्लॅस्टिकची काडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. तांब्याची म्हणून तांबी. शब्द घरचा असला तरी वस्तूचं कूळ दूरदूर पसरलेलं आहे.

वस्तूच्या आधी विचार आला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अकरा वर्षांनी, १९३८ साली, डॉ. आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

१९५२ साली भारतानं कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम केला. त्याच वर्षी धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर यांच्या पुढाकारानं मुंबईत जागतिक परिषद भरली आणि नियोजित पालकत्वाचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्मला. तिकडे न्यूयॉर्कला तिसऱ्या जॉन रॉकफेलर यांनी पॉप्युलेशन कौन्सिल स्थापन केली. तिच्या पाठबळावर १९६५ साली इथे लूप आला. अमेरिकेच्या डॉ. जॅक लिपीस यांनी घडवलेलं हे प्लॅस्टिकचं वेटोळं कानपूरच्या कारखान्यातही बनू लागलं. किती बसवले, याचीच मोजदाद झाली. अंगावरून जास्त जातंय म्हणून परत आलेल्या बाईकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. लूपची बदनामी झाली आणि सरकारचा भर नसबंदीवर गेला.

तांबं आलं ते चिलीतून.

तिथले डॉ. हाइमे झिपर यांना सशांवरच्या प्रयोगांत दिसलं, की गर्भाशयात तांब्याची तार असली तर गर्भ रुजत नाही. १९६९ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. पॉप्युलेशन कौन्सिलचे डॉ. हॉवर्ड टेटम यांच्याकडे टी आकाराची काडी होती. दोन्हींची जोड जमली. तार तांब्याचे अगदी थोडे कण सोडते, तेवढ्यानं शुक्रजंतू निकामी होतात. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी ३८० ए जातीची तांबी दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते.

‘तांबी पोटात वर चढते’ ही भीती मात्र अजून गेलेली नाही. आंबेनळी घाटाच्या अंगाला राहणाऱ्या बाईला तपासणीसाठी पोलादपूरला उतरायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि घरधनी बरेचदा मुंबईला कामाला असतो. म्हणून बसवल्यावर पहिल्या पाळीनंतर तिच्या दारी जाऊन ‘काही त्रास?’ असं विचारणारी आशाताई लागते. लूपच्या वेळी नेमकी तीच नव्हती.