मामाची एनई

परवा पवई तलावापाशी सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक जुनी प्रीमियर ११८ एनई येऊन उभी राहिली. अगदी जिवापाड जपलेली. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, आणि मी मात्र ३०-३५ वर्षं मागे गेलो होतो...

आमच्या मामाकडे एनई होती. प्रीमियरने ही गाडी १९८५ साली आणली. अंग फियाट १२४ चं आणि पोटात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. पद्मिनी आणि अँबेसिडरच्या त्या जमान्यात आम्हा पोरांसाठी ही रेसची गाडीच! मामाला तर रॅलीचं वेडच होतं.

पण १२४ मूळची इटलीची, १९६६ सालची. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे पत्रा दाबून घडवलेले दोन आर्म. खालचा आर्म आतल्या बाजूने क्रॉसमेंबरला बोल्टने बसतो. चाक खड्ड्यात आपटलं की धक्का चाकातून आर्ममध्ये, आर्ममधून क्रॉसमेंबरमध्ये आणि तिथून बॉडीत जातो.

१९९१ च्या पावसाळ्यात पवईत बांधकामं जोरात होती. डंपरांनी रस्त्याची चाळण केलेली. एनईच्या खालच्या आर्मला बारीक चीर गेली. तार मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, तसाच हा प्रकार. मामाने नवा आर्म न घेता कुर्ल्याला जाऊन दोन्ही बाजूंच्या आर्मना खालून जाड पट्टी वेल्ड करून घेतली. कल्पना चुकीची नव्हती. उघडा पत्रा पेटीसारखा बंद केला की पीळ सोसायची त्याची ताकद खूपच वाढते.

"आता हत्ती बसव गाडीत!" मामा म्हणाला.

तीन महिन्यांनी आम्ही आरेच्या रस्त्याने चाललो होतो. मागे मामी आणि तिच्या मांडीवर माझी धाकटी बहीण झोपलेली. एका खड्ड्यात धाडकन आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. वेग कमी होता म्हणून झाडाच्या अलीकडे थांबलो. मामा खाली वाकून बघत होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

पट्टी मारलेला आर्म शाबूत होता. तो जिथे बसतो, तिथला क्रॉसमेंबर फाटला होता! पूर्वी आर्म थोडा लवून धक्क्यातला काही भाग स्वतः खायचा. आता तो सगळाच्या सगळा पुढे पाठवत होता.

खूप वर्षांनी वाचनात आलं की हाच प्रश्न रशियनांनाही पडला होता. १९६६ साली त्यांनी फियाटशी करार केला आणि १२४ आपल्या रस्त्यांवर चालवून पाहिली. बॉडीला तडे गेले. मग त्यांनी जाड पत्रा वापरला, बॉडी आणि सस्पेन्शन दोन्ही मजबूत केलं, गाडी जमिनीपासून उचलली, मागच्या डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम बसवले. एकूण आठशेच्या वर बदल! १९७० पासून तीच गाडी झिगुली म्हणून निघू लागली. बाहेरच्या देशांत तिला लाडा म्हणतात. आम्ही नेमका एकच बदल केला होता.

मामाने पुढे क्रॉसमेंबर बदलला, साधे नवे आर्म बसवले आणि खड्डा दिसला की ब्रेक मारायला शिकला. रॅलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मामी त्या दिवसाबद्दल त्याला एका शब्दानेही बोलली नाही, पण नंतर त्या गाडीत तिने कधी डुलकी काढली नाही.

असो. मामेभावा, हे वाचत असशील तर माळ्यावर बघ, ते पट्टीवाले आर्म अजून आहेत का. भंगारात देऊ नकोस. मी येऊन घेऊन जाईन.