नोंदवहींतील तिसरा रकाना



रक्त तपासून घेण्याचा प्रसंग आज बहुतेक प्रत्येक घरावर येतो. तपासणीच्या कागदावर वरच्या बाजूस नांव, वय आणि त्यापुढें ‘स्त्री’ कीं ‘पुरुष’ असा एक लहानसा रकाना असतो. आपण तो फारसा विचार न करितां भरतो. परंतु त्यावर किती अवलंबून असतें पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणें प्रौढ पुरुषाच्या शंभर मिलिलिटर रक्तांत १३ ग्रॅमपेक्षां कमी हिमोग्लोबिन असेल तर त्याला रक्तक्षय आहे असें समजतात. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या बाबतींत हीच मर्यादा १२ ग्रॅमची आहे. आतां एखाद्याच्या रक्तांत साडेबारा ग्रॅम भरले, तर तो मनुष्य आजारी कीं निरोगी? नुसत्या रक्ताच्या मापावरून याचें उत्तर देतां येत नाहीं. त्यासाठीं रकाना पाहावा लागतो. मग ज्याला त्या दोहोंपैकीं एकाहि रकान्यांत आपलें स्थान दिसत नाहीं, त्याच्या रक्ताचा अर्थ कोणीं व कसा लावावयाचा? हा रकाना कोणीं कशासाठीं भरला, आणि आज बोलबाला झालेलीं शिकाऊ यंत्रें त्याचें काय करितात, याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे.

ज्यांना जुन्या कागदांतून ‘हिजडे’ म्हटलें आहे आणि ज्यांना आज आपण तृतीयपंथी म्हणतो, त्यांची नोंद महाराष्ट्राला नवी नाहीं. मराठी राज्यांत अशा लोकांपैकीं कांहींना गांवोगांव भिक्षा मागण्याचा परंपरागत हक्क होता. कोणाला रोख नेमणूक, तर कोणाला जमिनीचा तुकडा होता. म्हणजे त्यांची नोंद होती ती वतनदार म्हणून. समाजांत त्यांना मान होता असें नव्हे. पण दप्तरांत त्यांना जागा होती, व राज्याचें पाठबळ त्या हक्कामागें होतें. पुढें कंपनी सरकारचा अंमल दख्खनवर बसला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनामांची चौकशी सुरू झाली. तींत सार्वजनिक सभ्यतेचा प्रश्न निघाला, व या हक्कांमागील राजमान्यता मुंबई सरकारनें काढून घेतली. वतनाच्या दप्तरांतून हीं नांवें गेलीं तीं अशीं.

त्यानंतरची नोंद पोलिसांची आहे. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याचा दुसरा भाग खास या लोकांसाठीं होता. मुलें पळविणें किंवा तत्सम गुन्ह्यांचा ज्यांच्यावर संशय असेल त्यांचीं नांवें, राहण्याचीं ठिकाणें आणि मालमत्ता यांची यादी ठेवावी, असें त्यांत फर्माविलें होतें. यादींत नांव चढलेल्या मनुष्यानें स्त्रीवेषांत उघड्यावर वावरणें किंवा नाचणें हा दोन वर्षांच्या कैदेचा अपराध ठरला. त्याला मुलाचा पालक होतां येत नसे, दत्तक घेतां येत नसे, मृत्युपत्रहि करितां येत नसे. हा भाग उत्तर हिंदुस्थानासाठीं होता व वायव्य प्रांतांत त्याचा अंमल विशेष जाचक झाला. वतनदाराला आपलें नांव दप्तरांत असावें असें वाटे. येथें नांव दप्तरांत सांपडूं नये म्हणून लोक गांव सोडून जाऊं लागले, तर नवल नाहीं.

तिसरी नोंद शास्त्राची. बर्लिन शहरांत डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनीं १९१९ सालीं लैंगिक शास्त्राची एक संस्था काढली. स्त्रीपुरुष या दोन टोकांच्या मध्यें निसर्गानें अनेक पायऱ्या ठेविल्या आहेत, असें त्यांचें प्रतिपादन होतें. त्यासाठीं त्यांनीं हजारों लोकांकडून प्रश्नपत्रिका भरून घेतल्या. १९३१ सालीं हे गृहस्थ जगप्रवास करीत हिंदुस्थानांतहि येऊन गेले. आपल्याकडे त्या वेळीं मुंबईंत प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालू होतें. संततिनियमनाच्या प्रचारापायीं १९२५ सालीं त्यांची विल्सन कॉलेजांतील नोकरी गेली होती. १९२७ सालीं त्यांनीं हें मासिक काढलें, आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. वाचक ज्या शंका आपल्या वैद्यालासुद्धां विचारावयास धजत नसत त्या ते कर्व्यांना लिहून विचारीत, व कर्वे त्यांना सरळ उत्तरें देत. अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ सालीं उच्च न्यायालयांत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली. खटला हरला, दोनशें रुपये दंड झाला. परंतु शरीराविषयींचा प्रश्न हा विकृतीचा नसून ज्ञानाचा आहे, ही भूमिका या शहरांतील न्यायासनापुढें एकदां उघडपणें मांडली गेली, हें कांहीं थोडें झालें नाहीं.

हिर्शफेल्ड यांच्या संस्थेची गत मात्र भयंकर झाली. १९३३ च्या मे महिन्यांत नाझी पक्षाच्या विद्यार्थ्यांनीं ती लुटली, आणि चारच दिवसांनीं तिच्या ग्रंथालयांतील पुस्तकांची भर चौकांत होळी केली. विश्वासानें स्वतःविषयीं लिहून दिलेले कागद एका रात्रींत शत्रूच्या हातीं पडूं शकतात, हा धडा त्या दिवशीं जगाला मिळाला.

आतां मुंबईच्या रुग्णालयांकडे वळूं. १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, व तेथील प्रयोगशाळांची सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आलीं. खानोलकरांचें मोठेपण असें कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहतांना त्या पेशीचा धनी कोण, तो काय खातो, काय चघळतो, कोणत्या चालीरीतीनें राहतो, हें त्यांनीं आवर्जून नोंदविलें. मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केला. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें तेव्हां त्याचे पहिले संचालक तेच झाले. पुढें १९६३ सालीं डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकारानें शहराच्या सबंध लोकसंख्येंतील कर्करोगाची नोंदवही मुंबईंत सुरू झाली. लोकसंख्येवर आधारलेली ही देशांतील पहिली नोंदवही. ही नोंद कोणाला पकडण्यासाठीं नव्हती, वांचविण्यासाठीं होती. परंतु तिचे कोष्टकहि स्त्री व पुरुष असें दोनच भागांत पडलें, कारण सगळ्या जगाचीं कोष्टकें तशींच होतीं.

खानोलकरांच्या त्या संशोधन केंद्राचा वारसा आज नव्या मुंबईंत आहे. २००२ सालीं ती संस्था परळहून खाडीपलीकडे खारघर येथें, डोंगराच्या पायथ्याशीं, साठ एकरांच्या आवारांत गेली. उपचार, संशोधन आणि शिक्षण हीं तीनहि कार्यें तेथें चालतात. आणि आतां या क्षेत्रांत एक नवा सहाय्यक आला आहे: शिकाऊ यंत्र. टाटा स्मारकानें अलीकडे रुग्णांच्या क्ष-किरण वगैरे चित्रांचा संग्रह उभारून निदानाच्या कामीं यंत्राचें साह्य घेण्यास आरंभ केला आहे.

या यंत्रांची जन्मकथाहि आपल्या विषयाशीं विलक्षण रीतीनें जोडलेली आहे. यंत्राला विचार करितां येईल काय, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९५० सालीं एका निबंधांत विचारला. त्याचे वडील मद्रास इलाख्यांत सनदी नोकर होते. त्या निबंधाचा आरंभ एका खेळानें होतो. पडद्याआडच्या दोन व्यक्तींपैकीं पुरुष कोण आणि स्त्री कोण, हें नुसत्या लेखी उत्तरांवरून ओळखावयाचें. मग ट्युरिंग म्हणतो, त्यांतील एकाच्या जागीं यंत्र बसविलें तर? दोनच वर्षांनीं, १९५२ सालीं, पुरुषावर प्रेम केल्याच्या आरोपावरून याच मनुष्याला शिक्षा झाली. तुरुंगाऐवजीं त्याला स्त्रीरसाचीं औषधें घ्यावीं लागलीं, आणि १९५४ सालीं तो वारला. आपल्याकडे मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेलें ‘टिफ्रॅक’ हें गणकयंत्र १९६० सालीं चालू झालें.

यंत्र शिकतें म्हणजे काय करितें? मोडी वाचणाऱ्या नव्या उमेदवाराचें उदाहरण घ्या. पेशवे दप्तरांत त्याला कोणी व्याकरण शिकवीत नाहीं. जुना वाचक त्याच्यापुढें हजारों कागद टाकतो व प्रत्येक अक्षर कोणतें तें सांगतो. होतां होतां त्याची नजर बसते आणि नवा कागदहि तो भराभर वाचूं लागतो. यंत्राचेंहि तसेंच. मात्र जें वळण उमेदवारानें कधींच पाहिलें नाहीं, तें तो ओळखीच्या अक्षरांतच कोठें तरी बसवितो, आणि आपण चुकलों हें त्याला कळतहि नाहीं. यंत्राचा दोष हाच. फरक इतकाच कीं उमेदवार एका कागदावर चुकतो, तर यंत्र एका दिवसांत लाख कागदांवर चुकूं शकतें.

ही भीति काल्पनिक नाहीं. चेहऱ्यावरून स्त्री कीं पुरुष हें सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रांची परीक्षा अमेरिकेंत २०१८ सालीं झाली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चूक शेंकडा एकाहूनहि कमी होती. काळ्यासांवळ्या स्त्रियांच्या बाबतींत एका यंत्राची चूक शेंकडा ३४ च्या वर गेली. पुढल्याच वर्षीं कोलोरॅडो विद्यापीठांतील संशोधकांना असें आढळलें कीं, जन्मतः स्त्री म्हणून नोंदलेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तींना हीं यंत्रें शंभरांत अडतीस वेळांपर्यंत स्त्री ठरवितात. आणि जे स्वतःला दोहोंपैकीं कांहींच म्हणवीत नाहींत त्यांच्या बाबतींत शंभरांपैकीं शंभर उत्तरें चुकलीं, कारण यंत्राजवळ तिसरें उत्तरच नव्हतें.

चेहरा ओळखण्यांत चूक झाली तर अपमान होतो. रुग्णालयांत चूक झाली तर जीव जातो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी वेळेवर झाली तर तो रोग टाळतां येतो. परंतु तपासणीस कोणाला बोलवावयाचें याची यादी यंत्रानें ‘स्त्री’ या रकान्यावरून काढली, तर गर्भाशय असूनहि पुरुष म्हणून नोंदलेला मनुष्य त्या यादींत येणारच नाहीं. त्याच्या घरीं पत्र जाणार नाहीं. तो रुग्णालयांत येईल तो रोग बळावल्यावर.

मग तिसरा रकाना घातला म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. २०११ च्या खानेसुमारींत ‘इतर’ असा रकाना आला, व त्यांत देशांत ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रांत ४०,८९१ माणसें मोजलीं गेलीं. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, आणि आपण कोण हें सांगण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा आहे असें ठरविलें. २०१९ सालीं त्यांच्या हक्कांच्या रक्षणाचा कायदाहि झाला. तरीहि पुष्कळ जण रुग्णालयाच्या खिडकीशीं आपलें खरें उत्तर देत नाहींत. आणि १८७१ ची यादी ज्यांनीं वाचली आहे, त्यांना त्याचें कारण सांगावयास नको. नोंद नसेल तर यंत्र ओळखणार नाहीं. नोंद केली तर ती उद्यां कोणाच्या हातीं जाईल याची खात्री नाहीं. हा पेंच यंत्रानें निर्माण केलेला नाहीं. तो त्याच्यापूर्वींचा आहे.

यावर माझ्यासारख्यानें तोडगा सुचविणें धार्ष्ट्याचें होईल. तरी इतिहासावरून दोन गोष्टी दिसतात त्या सांगतों. पहिली ही कीं, एकाच रकान्यांत आपण दोन निरनिराळे प्रश्न कोंबले आहेत. ‘आपणांस काय म्हणून संबोधावें?’ हा एक, आणि ‘आपल्या शरीरांत कोणतीं इंद्रियें आहेत व आपण कोणतीं औषधें घेतां?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सौजन्यासाठीं हवें, दुसऱ्याचें उपचारासाठीं. दोन्ही वेगळे विचारले तर यंत्रालाहि बरोबर शिकवितां येईल. दुसरी गोष्ट अशी कीं, नोंदवहीचें बरेंवाईट तिच्या रकान्यांवरून ठरत नाहीं, ती कोणाच्या कपाटांत आहे यावरून ठरतें. वैद्याला सांगितलेलें वैद्याजवळच राहील, हा भरंवसा खिडकीशीं उभ्या असलेल्या माणसाला आधीं दिला पाहिजे. त्याच्या नांवापुढचा रकाना मग तो स्वतःच भरील.