आयनांचे आकार : विषयप्रवेश

सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन दिला की त्याचे सर्वांत बाहेरचे कवचच जाते आणि १०२ पिकोमीटर त्रिज्येचा धन आयन उरतो. क्लोरीन तो इलेक्ट्रॉन घेतो. त्याचे प्रोटॉन तेवढेच राहतात, इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण मात्र वाढते आणि ऋण आयन १८१ पिकोमीटरपर्यंत फुगतो. मिठाच्या खड्यात हे दोघे शेजारी असतात. आयनांच्या आकारांची तुलना समजून घ्यायला याहून अवघड सुरुवात लागत नाही. आवर्तसारणी तेवढी समोर हवी.

गणात वरून खाली येताना कवचे वाढतात, म्हणून लिथियम ७६, सोडियम १०२, पोटॅशियम १३८. आडव्या दिशेने जाताना मात्र आधी इलेक्ट्रॉन मोजावेत. ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम या पाचही आयनांत इलेक्ट्रॉन दहाच, पण प्रोटॉन अनुक्रमे ८, ९, ११, १२, १३. त्रिज्या पाहा : १४०, १३३, १०२, ७२, ५३.५. ओढ वाढत गेली, आकार आवळत गेला. एवढे उमगले की निम्मा विषय हाती आला.

उरलेला निम्मा मोजमापाचा. आयनाला ठाम कडा नसते. क्षकिरणांनी कळते ते दोन केंद्रकांमधले अंतर. त्यात कोणाचा वाटा किती, हे आपण ठरवायचे. १९२० मध्ये आल्फ्रेड लांडे यांनी लिथियमच्या क्षारांचा आधार घेतला. लिथियम इतका लहान की लिथियम आयोडाइडमधले आयोडाइड एकमेकांना टेकलेलेच असणार. मग त्यांच्यातल्या अंतराचे अर्धे म्हणजे आयोडाइडची त्रिज्या. पुढे गोल्डश्मिट यांनी ऑक्साइडला १३२ पिकोमीटर दिले, पाउलिंग यांनी १४०. शॅनन यांचा १९७६ चा तक्ता तर शेजारी किती हेही विचारतो : सहा असतील तर सोडियम १०२, आठ असतील तर ११८. म्हणून दोन तक्त्यांतले आकडे एकमेकांत मिसळू नयेत. आधी क्रम लावावा, मग आकडा पाहावा.

क्रमही कधी चकवतो. हाफ्नियम झिर्कोनियमच्या खाली असूनही त्यांच्या चार धनप्रभारांच्या आयनांच्या त्रिज्या ७१ आणि ७२. मधल्या लँथेनाइड मालिकेत प्रोटॉन वाढत जातात, पण एफ-कक्षकांतले इलेक्ट्रॉन त्यांची ओढ पुरेशी अडवत नाहीत. या साम्यामुळेच हाफ्नियम १९२३ पर्यंत झिर्कोनियमच्या खनिजात अनोळखी राहिले. नवागताने नियम घोकत बसू नये. केंद्रक किती ओढते आणि आतले इलेक्ट्रॉन किती अडवतात, हे प्रत्येक आयनापाशी थांबून पाहावे.